कालच्या भविष्याचा आवाज

स्टीरिओलॅब या लंडनच्या बँडशी बहुतेकांची ओळख उलट्या टोकाकडून होते. १९९६चा 'एम्परर टोमॅटो केचप' किंवा १९९७चा 'डॉट्स अँड लूप्स' हा अल्बम आधी कानावर पडतो. झुलती चाल, जुन्या ऑर्गनचे गोलसर स्वर, व्हायब्राफोनची किणकिण आणि या सगळ्यावर दोन स्त्रियांचे निवांत आवाज. मग केव्हातरी गाण्यांचे शब्द नीट वाचले जातात आणि त्यांत मंदी-तेजीची चक्रं, युद्धाचं अर्थकारण, समाज स्वतःला कसा घडवतो हा प्रश्न असं काय काय सापडतं. ऐकणारा चमकतो आणि ठरवून टाकतो, की हा मुळात लाउंज, म्हणजे दिवाणखान्यातलं सुखासीन संगीत वाजवणारा बँड, वरून थोडं राजकारण भुरभुरवलेला. हे म्हणजे कळस पाहून पायाबद्दल बोलणं झालं. १९९१ ते १९९४ या पहिल्या चार वर्षांतल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या, तर चित्र नेमकं उलटं दिसतं. राजकारण सर्वांत आधी येतं, त्यापाठोपाठ स्वतःची कंपनी, त्यानंतर एकच स्वर धरून ठेवणारं गिटारचं घुमणं. आणि लाउंज येतं सर्वांत शेवटी. आधीच्या तीन गोष्टींनी जो पेच उभा केला, त्याला सापडलेलं उत्तर म्हणजे हे लाउंज आहे, असं मला वाटतं.

तो पेच समजून घ्यायचा तर आधीच्या बँडपासून सुरुवात करावी लागते. लंडनच्या पूर्व कडेला असलेल्या बार्किंगमध्ये १९८०च्या दशकात मॅकार्थी नावाचा बँड होता. माल्कम ईडन त्याचा गायक आणि गीतकार, टिम गेन गिटारवादक. १९८६ साली 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने स्वतंत्र बँडांच्या २२ गाण्यांची 'सी-८६' ही कॅसेट काढली, तीत मॅकार्थीचं एक गाणं होतं. पुढच्या वर्षी 'आय ॲम अ वॉलेट' हा त्यांचा पहिला अल्बम आला. ईडन कडवा डावा होता, पण त्याची लिहिण्याची रीत घोषणांची नव्हती. ज्याच्यावर टीका करायची त्यालाच तो बोलायला लावी. सावकार, शहाणपण शिकवणारा सद्गृहस्थ, सत्तेला चिकटलेला माणूस आपापली बाजू मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात आणि मांडता मांडता उघडे पडतात. ही रीत मोठी धारदार होती. मर्यादा एवढीच, की सगळी धार शब्दांत होती. गेनची गिटार त्या काळच्या इतर अनेक इंग्लिश बँडांच्या गिटारसारखी छान छमछमत राही, पण त्या छमछमण्याला स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. शब्द ज्याने पकडले त्याला गाणं कळलं. ज्याने पकडले नाहीत त्याच्या हाती एक गोड चाल लागली. गेनने पुढे जे काही केलं, ते या फटीच्या अंगाने पाहिलं तर नीट उलगडतं.

१९८८ साली मॅकार्थी पॅरिसला गेले असताना त्यांच्या कार्यक्रमाला लेतिसिया सादिए ही फ्रेंच तरुणी आली होती. तिची आणि गेनची भेट तिथे झाली. फ्रान्समधल्या रॉक संगीतात तिला आपल्यासाठी जागा दिसत नव्हती. ती लंडनला आली आणि मॅकार्थीच्या १९९०च्या शेवटच्या अल्बममध्ये तिचा आवाजही उमटला. त्याच वर्षी मॅकार्थी विसर्जित झाला आणि गेन-सादिएंनी नवा बँड उभा केला. हा काळ लक्षात ठेवायला हवा. १९८९मध्ये बर्लिनची भिंत पडली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत फ्रान्सिस फुकुयामांचा इतिहासाच्या समाप्तीवरचा निबंध छापून आला होता. १९९०च्या नोव्हेंबरमध्ये मार्गारेट थॅचर पायउतार झाल्या, पण त्यांनी रुजवलेली व्यवस्था तशीच राहिली. १९९१च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. बाजारपेठेशिवाय दुसरा मार्ग नाही आणि हे आता कायमचं ठरलं आहे, अशी हवा सगळीकडे होती. ईडनची रीत प्रतिपक्षाला बोलतं करण्याची होती; पण प्रतिपक्ष जिंकल्याच्या थाटात अखंड बोलत असताना त्याला आणखी बोलतं करून काय साधणार? नव्या बँडपुढचा खरा प्रश्न वेगळा होता. 'हे कायमचं आहे' या भावनेलाच धक्का द्यायचा, तर तो संगीतातून कसा द्यायचा?

पहिलं उत्तर संगीताच्या बाहेर मिळालं. गेन, सादिए आणि पुढे बँडचा व्यवस्थापक झालेला मार्टिन पाइक यांनी डुओफॉनिक नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. छोट्या आकाराच्या, मोजक्या प्रतींच्या तबकड्या शक्यतो दर महिन्याला एक अशा काढत राहायच्या, ही मूळ कल्पना. १९९१च्या मे महिन्यात 'सुपर ४५' ही दहा इंची तबकडी निघाली. बँडची ती पहिली आणि कंपनीचीही पहिलीच. तिचं वेष्टन बँडने स्वतः रचलं होतं आणि विक्री टपालाने, शिवाय लंडनमधल्या रफ ट्रेड या दुकानातून झाली. आपलं काम आपण छापायचं, आपणच विकायचं, त्यातून शिकायचं आणि त्या शिकण्यातून पुढचं संगीत सुचतं, हा गेनचा अनुभव होता आणि त्याने तो पुढे मुलाखतीत मांडलाही. मराठीत अनियतकालिकांची चळवळ ज्यांनी पाहिली किंवा वाचली आहे त्यांना यातला उत्साह वेगळा समजावून सांगायला नको. सप्टेंबरमध्ये टू प्युअर या छोट्या कंपनीकडून 'सुपर-इलेक्ट्रिक' आली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा डुओफॉनिककडून एक छोटी तबकडी, जिचं नाव 'स्टनिंग डेब्यू अल्बम' असलं तरी ती पहिलीही नव्हती आणि अल्बमही नव्हती. या तीन तबकड्यांतली दहा गाणी १९९२मध्ये 'स्विच्ड ऑन' या नावाने एकत्र निघाली आणि आज आपण सुरुवातीचं स्टीरिओलॅब म्हणून ऐकतो ते मुख्यतः याच संग्रहातून.

नावांकडे इथेच पाहून घ्यावं, कारण पुढचं सगळं त्यांत बीजरूपाने आहे. 'स्टीरिओलॅब' हे न्यूयॉर्कच्या व्हॅनगार्ड कंपनीचं स्टीरिओ मुद्रणासाठीचं नाव. 'डुओफॉनिक' हे कॅपिटल कंपनीच्या त्या युक्तीचं नाव, जिच्याने जुनं एकमार्गी मुद्रण स्टीरिओसारखं भासवलं जाई. 'स्विच्ड ऑन'मागे १९६८चा, बाखचं संगीत मूग सिंथेसायझरवर वाजवणारा वेंडी कार्लोसचा प्रसिद्ध अल्बम उभा आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून या बँडच्या पाटीवर १९५० आणि ६०च्या दशकांतल्या घरगुती ध्वनितंत्राचा, त्यातल्या प्रयोगांचा आणि जाहिरातबाजीचा शिक्का आहे. गाण्यांत मात्र त्या काळच्या सुखासीन संगीताचा अजून मागमूस नाही. पाटी आधी लागली, माल दोन वर्षांनी आला. हे अंतर मला फार बोलकं वाटतं. विषय त्यांना आधीच ठाऊक होता, त्याचा आवाज काय असावा हे शोधायला वेळ लागला.

१९९१च्या त्या गाण्यांत काय आहे? दोन, फार तर तीन कॉर्ड. गिटार एकाच ठोक्याने खरडली जाते, तिच्या आवाजाला मुद्दाम खरखर आणलेली असते आणि तिच्या पोटात एक ऑर्गन तोच स्वर धरून बसलेला असतो. ढोल सरळ रेषेत चालतो. सादिएचा आवाज खालच्या पट्टीतला, जवळजवळ कंपनरहित. भावना दाखवण्याची तिला घाई नाही. 'सुपर-इलेक्ट्रिक' हे गाणं ऐकताना पहिल्या मिनिटात वाटतं की आता काहीतरी बदलेल; तिसऱ्या मिनिटापर्यंत आपण बदलाची वाट पाहणं सोडलेलं असतं, आणि मग त्या न बदलणाऱ्या आवाजातले बारीक बदल ऐकू यायला लागतात. धरलेल्या स्वराचं हे शास्त्र आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला परकं नाही आणि त्याची वंशावळही अगदी परकी नाही. अली अकबर खान यांची रागदारीची लाँग प्ले तबकडी १९५५मध्ये अमेरिकेत निघाली, तिच्यात तंबोऱ्यावर शिरीष गोर होते. तो तंबोरा ऐकून ला माँट यंग हा तरुण संगीतकार झपाटला आणि लांबलचक धरलेल्या स्वरांकडे वळला. त्याच्या वाद्यवृंदात १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जॉन केल हा वेल्श व्हायोला-वादक होता आणि केलने ते घुमणं व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये नेलं. स्टीरिओलॅबच्या पहिल्या तबकड्यांवर व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची सावली कुणालाही ऐकू येईल. दुसरा धागा जर्मनीतला. ड्युसेलडॉर्फच्या नॉय! या दोघांच्या बँडने १९७२च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये क्लाउस डिंगरच्या ढोलावर एक अखंड, समान, कुठेही 'पोचण्याची' ओढ नसलेली लय रूढ केली. स्टीरिओलॅबने ती जशीच्या तशी उचलली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही: हे सरळ अनुकरण आहे. १९९३च्या 'जेनी ओंदिओलिन' या १८ मिनिटांच्या गाण्यात नॉय!चा ठेका, गिटारची तीच रीत, तोच वाहण्याचा भास, सगळं जवळजवळ जसंच्या तसं आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. बँडनेही कधी नाकारलं नाही. आपल्या एका गाण्याच्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी शीर्षकातच नॉय!चं नाव जोडून ठेवलं. पण अनुकरणाचा आरोप सिद्ध व्हायला एक गोष्ट लागते: घेतलेल्या वस्तूने दोन्ही ठिकाणी तेच काम केलं पाहिजे. नॉय!चं संगीत मुख्यतः शब्दावाचून चालतं, तिथे लय हा प्रवासच सर्वस्व आहे. स्टीरिओलॅबने त्या लयीवर वाक्यं ठेवली, तीही युक्तिवादाची वाक्यं, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत, छोट्या सोप्या सुरावटींत बसवलेली. न संपणाऱ्या ठेक्यावर एकेक विधान शांतपणे परत परत येतं. इथे लयीचं काम बदललं. ईडनच्या गाण्यात शब्द निसटला की मुद्दा गेला. इथे निसटलेला शब्द पुढच्या फेरीत पुन्हा भेटतो. मॅकार्थीत जी फट होती तिच्यावरचा हा पहिला इलाज होता. पुरेसा मात्र नव्हता. खरखरती गिटार आणि एकसुरी ठेका हे १९९१च्या लंडनमध्ये बंडखोरीचं ओळखीचं पोशाखी रूप झालं होतं. ते ऐकून कुणाच्या मनातली कायमपणाची भावना ढळत नव्हती. ऐकणारा एका ओळखीच्या गटात जाऊन बसे, इतकंच.

१९९२च्या मे महिन्यात टू प्युअरने 'पेंग!' हा पहिला पूर्ण अल्बम काढला. त्याबद्दल फार बोलण्यासारखं मला वाटत नाही. गाणी चांगली आहेत, त्यांपैकी एकात बोदलेरचं एक गद्यकाव्य आहे, परंतु पद्धत आधीचीच. खरी हालचाल त्या वर्षी बँडच्या रचनेत झाली. मूळची ऑस्ट्रेलियाची मेरी हॅन्सन गायिका आणि गिटारवादक म्हणून आली, ढोलावर अँडी रॅमझी आला, आणि काही महिन्यांत मायक्रोडिझ्नी आणि हाय लामाज या बँडांमधला शॉन ओ'हॅगनही येऊन मिळाला. हॅन्सन आल्यावर आवाजांचा सगळा हिशेबच बदलला. सादिए ओळ गाते तेव्हा हॅन्सन तिच्या अधल्यामधल्या जागांत निरर्थक अक्षरांची दुसरी ओळ विणते. कधी दोघी एकमेकींना छेदतात, कधी एकीचा शब्द संपण्याआधी दुसरीचा सुरू होतो. मुख्य गायिका आणि साथीची गायिका ही उतरंड त्यात राहत नाही. हॅन्सन २००२च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये सायकलवरून जात असताना अपघातात गेली. तिच्यानंतरचं स्टीरिओलॅब ऐकताना त्या दुसऱ्या ओळीची उणीव सतत जाणवते.

आणि मग १९९३च्या मार्चमध्ये ती छोटी तबकडी आली, जिच्यापासून या बँडला लोक लाउंज म्हणू लागले. तिच्या नावातच 'स्पेस एज बॅचलर पॅड म्युझिक' हे शब्द होते. अवकाशयुगातल्या सड्याच्या खोलीतलं संगीत हा शब्दप्रयोग बायरन वर्नर या अमेरिकन संग्राहकाने आधीच रूढ केला होता, तो १९५०च्या दशकाच्या शेवटी निघालेल्या एका विशिष्ट प्रकारच्या तबकड्यांसाठी. स्टीरिओ लाँग प्ले तबकडी १९५७-५८मध्ये बाजारात आली. मध्यमवर्गीय अमेरिकन घरात दोन स्पीकरांचा संच घ्यायला लावायचा तर त्याची करामत दाखवणारं संगीत हवं होतं. मेक्सिकोचा हुआन गार्सिया एस्किव्हेल आर.सी.ए. व्हिक्टरसाठी वाद्यांना एका स्पीकरातून दुसऱ्यात पळवत होता, मार्टिन डेनी व्हायब्राफोनच्या सोबतीला पक्ष्यांचे आवाज घालत होता. हे संगीत गंभीरपणे ऐकायला नव्हतंच. ते फर्निचरचा भाग होतं आणि त्याच्या प्रत्येक स्वरात एक ग्वाही होती, की तंत्रज्ञान आलं आहे, फुरसत येते आहे, उद्या सगळं सुखात असेल. १९८०च्या दशकात सीडी आल्यावर लोकांनी या तबकड्या घराबाहेर काढल्या आणि त्या जुन्या बाजारात, धर्मादाय दुकानांत कवडीमोलाने पडून राहिल्या. वाद्यांचीही तीच गत. १९८३मध्ये यामाहाचा डी.एक्स. ७ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि मूग, फारफिसा, व्हॉक्स यांच्यासारखी जुनी अवजड वाद्यं अडगळीत गेली. स्वतःची कंपनी चालवणाऱ्या, खिसा रिकामा असलेल्या संगीतकारांना परवडत होता तो नेमका हा माल. १९९२मध्ये त्यांनी एका छोट्या तबकडीच्या एका बाजूला 'हार्मोनियम' आणि दुसऱ्या बाजूला 'फारफिसा' अशी गाणी काढली. टाकून दिलेल्या वाद्यांची ही जणू नोंदवहीच होती. तेव्हा लाउंजकडे त्यांना नेलं ते काही अंशी त्यांच्या स्वातंत्र्याच्या अर्थकारणाने. मोठ्या कंपनीच्या पैशावर वाढलेला बँड नवीनतम यंत्रं घेऊन बसला असता.

'जेनी ओंदिओलिन' या शीर्षकातही असंच एक वाद्य दडलं आहे. ओंदिओलिन हे फ्रान्समधल्या जॉर्ज जेनी यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेलं विजेवरचं छोटं कळवाद्य. त्याचं भावंड शोभावं असं दुसरं फ्रेंच वाद्य म्हणजे १९४७चं कॉन्स्टंट मार्टिन यांचं क्लेव्हायोलिन. ते मुंबईला पोचलं आणि १९५४च्या 'नागिन' चित्रपटात कल्याणजी वीरजी शहा यांनी त्यावर वाजवलेली बीन देशभर घुमली. आपल्याकडे त्या यंत्रातून सापाची, लोककथेची, प्राचीनतेची आठवण जागवली गेली; युरोपात त्याच कुळातलं यंत्र अवकाशयुगाचं चिन्ह ठरलं. एकाच प्रकारच्या विजेच्या स्वरात एका गावाला भूतकाळ ऐकू येतो आणि दुसऱ्या गावाला भविष्य. वाद्याच्या अंगी मुळात काळ नसतो, तो समाज त्याला चिकटवतो. हे ज्याला उमगलं त्याला तो काळ उखडताही येतो, आणि स्टीरिओलॅबने केलं ते हेच.

सादिएच्या वाचनात कॉर्नेलियस कास्तोरियादिस हा पॅरिसमध्ये स्थायिक झालेला ग्रीक तत्त्वचिंतक महत्त्वाचा होता. १९७५च्या त्याच्या मुख्य ग्रंथाचं प्रतिपादन असं, की समाजाच्या संस्था कोणत्याही निसर्गनियमाने किंवा इतिहासाच्या अपरिहार्य नियमाने येत नाहीत. माणसं कल्पनेने त्या निर्माण करतात, मग हे आपणच निर्माण केलं हे विसरतात आणि त्यांना अटळ मानू लागतात. हे वाक्य लिहायला सोपं आहे, अनुभवायला अवघड. आपण जगतो ती व्यवस्था अटळच वाटते. मात्र काल अटळ वाटलेली आणि आज हास्यास्पद होऊन पडलेली गोष्ट समोर ठेवली, तर अनुभव येऊ शकतो. १९५८च्या दिवाणखान्यातलं ते संगीत नेमकं तसं आहे. उद्या असाच असणार याची त्याच्याइतकी खात्री क्वचितच कुठल्या संगीतात असेल, आणि तो उद्या आला नाही, किंवा आला तो तसा नव्हता. ते भविष्य जुनं झालं. १९९४च्या 'मार्स ऑडिअ‍ॅक क्विंटेट' या अल्बममधल्या 'वॉव अँड फ्लटर' या गाण्यात सादिए हेच जवळपास सरळ सांगते: अमुक एक बलाढ्य कंपनी जगाबरोबरच जन्मली असावी, अमुक देशाचा झेंडा सदैव फडकत राहील, असं वाटत असे; पण काहीही अविनाशी नाही. हे शब्द जुन्या ऑर्गनच्या गोलसर स्वरांवर येतात तेव्हा ऑर्गनच त्यांचा पुरावा असतो. 'हे कायमचं आहे' या हवेला धक्का देणारा आवाज त्यांना इथे मिळाला.

याच्या विरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो गोडव्याचा. ज्या संगीताचा जन्मच मन शांत करायला झाला, त्यात घातलेली टीका बोथट होणार नाही का? लोक गुणगुणत राहतील आणि शब्द वाऱ्यावर जातील; म्हणजे मॅकार्थीचं दुखणं दुप्पट होऊन परत आलं. या आक्षेपाला उत्तर द्यायला १९९४चंच 'पिंग पाँग' हे गाणं पुरेसं आहे. त्याची चाल लहान मुलालाही लगेच पाठ होईल अशी. त्यात सांगितलं जातं अर्थचक्राचं गणित: मंदी येते, युद्ध होतं, माणसं मरतात, मग भरभराट परतते, आणि प्रत्येक फेरीत मंदी मोठी, युद्ध मोठं, भरभराट लहान. त्यानंतर येतो समजुतीचा सूर, काळजी करू नका, सगळं आपोआप ठीक होईल, गप्प बसा आणि आनंदात राहा. हा सूर कुणाचा आहे? तो त्या लाउंज संगीताचाच आहे. दिवाणखान्यातल्या त्या तबकड्या शब्दांवाचून हेच म्हणत होत्या. ईडनने शब्दांत प्रतिपक्षाला बोलतं केलं होतं, इथे गेन आणि सादिए नादाला बोलतं करतात. आश्वासक चाल स्वतःच आपली बाजू मांडते आणि मांडता मांडता उघडी पडते. शब्द निसटला तरी काहीतरी खटकतं, कारण इतकं निर्धास्त असण्याजोगं जग बाहेर नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मॅकार्थीत शब्द आणि नाद शेजारी शेजारी उभे होते, इथे नादच युक्तिवाद झाला.

पण हा युक्तिवाद कुचेष्टेचा नाही, आणि १९९०च्या दशकातल्या बाकीच्या लाउंज लाटेपासून स्टीरिओलॅब वेगळा पडतो तो इथेच. ती लाट त्यांच्यानंतर एक ते तीन वर्षांत आली. अमेरिकेत कंबस्टिबल एडिसन या बँडचा पहिला अल्बम १९९४मध्ये, एस्किव्हेलच्या जुन्या मुद्रणांचा संग्रह त्याच वर्षी, कॅपिटलची 'अल्ट्रा-लाउंज' ही मालिका १९९६मध्ये. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कॉकटेलचे ग्लास, सुटाबुटातली छायाचित्रं आणि 'काय ते दिवस होते' असं लाडिक स्मरण होतं. जुन्या वस्तूचं वेशांतर करण्यात मजा असेल, परंतु त्याने आज जिथल्या तिथे राहतो. स्टीरिओलॅबचं त्या संगीतावर खरं प्रेम होतं. १९९३च्या त्या तबकडीच्या एका बाजूला त्यांनी 'ईझी लिसनिंग' असं लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'न्यू वेव्ह', आणि दोन्ही बाजू सारख्याच मनापासून वाजवल्या. तंत्रज्ञानाने माणसाला फुरसत मिळावी, घरात सुख असावं, दोन माणसांनी दिवा मंद करून गाणं ऐकावं ही इच्छा त्यांनी कधी तुच्छ मानली नाही. इच्छा खरी होती. ती स्पीकरांचा संच विकण्यापुरती वापरली गेली आणि फुरसत मात्र कुणाच्या वाट्याला आली नाही. ती इच्छा विक्रेत्याकडून परत मागायला निघालेलं संगीत म्हणून मी या गाण्यांकडे पाहतो. तसं पाहिलं की त्यांचा गोडवा आणि त्यांचा राग यांत विसंगती राहत नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. १९९३च्या त्या तबकडीमुळे नाव झालं आणि एलेक्ट्रा या बड्या अमेरिकन कंपनीशी करार झाला. ऑगस्टमध्ये आलेला 'ट्रान्झिएंट रँडम-नॉइज बर्स्ट्स विथ अनाउन्समेंट्स' हा अल्बम अमेरिकेत एलेक्ट्राने काढला. भांडवलशाहीवर टीका करायची आणि तिच्याच दुकानात बसायचं, असा टोला तेव्हापासून मारला जातो. शिवाय मोजक्या प्रती, रंगीत तबकड्या यांमुळे संग्राहकांची झुंबड उडाली आणि जुन्या तबकड्यांचे भाव चढले. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. दुर्मीळतेचा बाजार होतोच आणि डुओफॉनिकने तो नकळत पोसला. पण 'स्विच्ड ऑन'पासून सुरू झालेली संग्रहांची मालिका त्यावरचाच उपाय होती. जे मोजक्यांकडे होतं ते सर्वांना साध्या किमतीत मिळावं, म्हणून १९९५मध्ये दुसरा खंड 'रीफ्राइड एक्टोप्लाझम' निघाला आणि पुढेही खंड येत राहिले. पहिल्या मुद्द्याबाबत कराराची मांडणी पाहावी लागते. अमेरिकेतलं वितरण एलेक्ट्राकडे गेलं, पण ब्रिटनमध्ये तोच अल्बम डुओफॉनिकनेच काढला आणि त्यानंतरचे मोठे अल्बमही तिथे डुओफॉनिककडेच राहिले. घर विकलं नाही, एक खोली भाड्याने दिली.

आणि त्या घरात इतरांनाही जागा मिळाली. १९९३मध्ये डुओफॉनिकने काढलेल्या 'शिमीज इन सुपर ८' या संग्रहात डार्लिन' नावाच्या पॅरिसच्या अगदी नवख्या मुलांची गाणी होती. एका इंग्लिश साप्ताहिकाने त्यांच्या वाजवण्याची केलेली निर्भर्त्सना त्यांतल्या दोघांनी पुढे नाव म्हणून घेतली आणि ते डाफ्ट पंक झाले. शिकागोच्या टॉर्टॉइजची तबकडी ब्रिटनमध्ये डुओफॉनिककडून आली, बर्मिंगहॅमच्या ब्रॉडकास्टची १९९६ची 'द बुक लव्हर्स' ही तबकडीही तिथूनच. समाज आपल्या संस्था स्वतः घडवू शकतो, हे गाण्यातून सांगणाऱ्यांनी एक संस्था घडवून दाखवली होती. तिच्या हिशेबवहीत, टपालाच्या पाकिटांत आणि दहा इंची वेष्टनांत त्या गाण्यांचा अर्थ जितका आहे, तितका शब्दांत असेलच असं नाही. एलेक्ट्राशी संबंध २००४च्या सुमारास संपला, २००९मध्ये बँड थांबला, २०१९मध्ये पुन्हा एकत्र आला; आणि २०२५च्या मे महिन्यात त्यांचा 'इन्स्टंट होलोग्राम्स ऑन मेटल फिल्म' हा नवा अल्बम निघाला, तेव्हा त्यावर वॉर्प या कंपनीसोबत १९९१च्या त्या पहिल्या दहा इंची तबकडीवरचं डुओफॉनिक हेच नाव छापलेलं होतं.